धुरे नसलेल्या वावरांच्या मुलखात एक सेमिस्टर

आमच्या विभागाच्या फलकावर इरॅस्मसची नोटीस लागली तेव्हा ती वाचायला फार कोणी थांबलं नाही. 'युरोपियन युनियनची शिष्यवृत्ती' असं काही दिसलं की आमच्याकडची मुलं ते आपल्यासाठी नाहीच असं धरून पुढे निघून जातात. हे मी रागाने लिहीत नाही. ज्या घरात सातबाऱ्याशिवाय दुसरा दाखला कधी काढावा लागला नाही, तिथल्या मुलाला ती नोटीस परकीच वाटणार. म्हणूनच मी काय केलं, कसं केलं आणि तिथे काय पाहिलं, ते सगळं लिहून काढते आहे.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. कोरडवाहू वावर, कापूस आणि मधे तुरीची तासं, म्हणजे ओळी, कधी सोयाबीन. मी मृदाशास्त्रात एम.एस्सी. करत होते. इरॅस्मस ही योजना १९८७ सालची. आधी ती युरोपातल्या विद्यापीठांपुरती होती. आता करार असेल तर बाहेरच्या देशांतले विद्यार्थीही एका सत्रासाठी जाऊ शकतात. तिथलं विद्यापीठ फी घेत नाही, राहण्या-खाण्याला दरमहा रक्कम मिळते, प्रवासाचाही खर्च मिळतो. चेक प्रजासत्ताकाचा दक्षिण मोराविया हा भाग काळ्या मातीचा आहे, हे मी पुस्तकात वाचलं होतं. तेवढ्यावर मी पहिल्या पसंतीला ब्रनो शहरातलं मेंडेल विद्यापीठ लिहिलं आणि तेच मिळालं.

घरी सांगितलं तेव्हा बाबांनी एकच विचारलं, "पेरणीच्या आंधी येशीन ना?" फेब्रुवारी ते जून असं सत्र होतं, त्यामुळे हो म्हणता आलं. आजी म्हणाली, "एकटी पोरगी एवढ्या दूर कायले पाठवता?" त्यावर आईच बोलली, "जाऊ द्या तिले. आपल्याले नाई जमलं, तिले जमून रायलं." विषय तिथेच संपला.

खरी परीक्षा कागदपत्रांची. नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहायचं तर पर्यटकांचा शेंगेन व्हिसा चालत नाही, त्या देशाचा दीर्घ मुदतीचा व्हिसा लागतो. त्यासाठी प्रवेशपत्र, राहण्याच्या जागेचा दाखला, पैशांचा पुरावा, विमा आणि पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला. यातल्या काही कागदांवर आधी परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल शिक्का, म्हणजे कागद परदेशात खरा धरला जावा म्हणूनची मोहोर, हवा आणि मग अधिकृत भाषांतरकाराकडून त्यांचं चेक भाषांतर हवं. यवतमाळमध्ये चेक भाषांतरकार कुठला! कागद दिल्लीला पाठवले आणि परत येईपर्यंत रोज पोस्टमनला विचारत राहिले.

माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग माझं नाव, मग वडिलांचं. आधार कार्डावर नाव आधी, आणि वडिलांच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग वेगळं. पासपोर्ट तिसऱ्याच पद्धतीने. आपल्याकडे याचं कोणाला काही वाटत नाही, पण तिकडच्या माणसाला ती तीन वेगळी माणसं दिसतात. तहसीलमध्ये प्रतिज्ञापत्र करून तिन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं लिहून घेतलं, त्याचंही भाषांतर केलं आणि प्रत्येक संचाला त्याची प्रत जोडली. चेक वकिलातीत मुलाखतीच्या वेळी अधिकाऱ्यांनी नेमका तोच कागद आधी काढून पाहिला. जो कोणी पुढे जाईल त्याने पासपोर्ट काढायच्या आधी आपली सगळी नावं शेजारी शेजारी ठेवून बघावीत.

दुसरी अडचण पैशांची, आणि तिच्याबद्दल कोणी मोकळेपणाने बोलत नाही. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता मिळतो तो तिथे पोचल्यावर. तिकीट, विमा, भाषांतरं, वसतिगृहाची अनामत, हे सगळं त्याच्या आधी द्यावं लागतं. बँकेत विचारलं तर शैक्षणिक कर्ज पूर्ण अभ्यासक्रमाला मिळेल, एका सत्राला बसवणं कठीण, असं उत्तर आलं. शेवटी आईच्या बचत गटाने अंतर्गत कर्ज दिलं, शेकडा दीड रुपया व्याजाने. बाकीचं तुरीच्या पैशांतून निघालं. गटाच्या बैठकीत ठरावाच्या वहीत सचिव काकूंनी लिहिलं, 'मुलीच्या परदेश शिक्षणासाठी', आणि त्याखाली सगळ्या बायांनी सह्या केल्या, दोघींनी अंगठे लावले. त्या पानाचा फोटो माझ्याजवळ आहे. पहिला हप्ता हातात आला तसं आधी ते कर्ज फेडायला घेतलं.

बॅग भरताना आईने तूप आणि पेढे काढून ठेवले होते. ते नेता येत नाहीत. युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशातून प्रवाशाला दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. डिसेंबर २०१९ पासून ताजी फळं, भाज्या, रोपं, बियाणं यांनाही वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. सूट फक्त अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर या पाच फळांना. कीड आणि रोग देशात शिरू नयेत म्हणून ही काळजी. कृषीच्या विद्यार्थिनीने तर हा नियम पाळायलाच हवा. आईला मी कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीचं उदाहरण दिलं, तेव्हा तिने मुकाट्याने पेढे बाजूला केले आणि तिखट, हळद, सरगुंडे बांधून दिले.

नागपूर, मुंबई, मग व्हिएन्नाचं विमान आणि तिथून बसने ब्रनो. पोचल्यावर कामाच्या तीन दिवसांत सरकारी नोंदणी करावी लागते. विद्यापीठाने मदतीला दिलेली चेक मुलगी बरोबर आली, त्यामुळे ते सहज पार पडलं. वसतिगृह, ट्रामचा पास, खानावळ हे आठवड्याभरात अंगवळणी पडलं. शाकाहारी माणसाला तिथे तळलेलं चीज आणि बटाटे भरपूर मिळतात, तिखट मात्र शोधूनही मिळत नाही. तिथे युरो चालत नाही, चेक कोरुना चालतो; तो तेव्हा साधारण साडेतीन-चार रुपयांना पडायचा, म्हणून सुरुवातीचे आठवडे प्रत्येक पावतीला मनात गुणाकार चालायचा.

पेट्रोव्ह टेकडीवरच्या मोठ्या चर्चमध्ये दुपारच्या बाराची घंटा अकरालाच वाजते. १६४५ साली स्वीडिश सैन्याने शहराला वेढा घातला होता. बारापर्यंत शहर पडलं नाही तर वेढा उठवू, असं त्यांच्या सेनापतीने म्हटलं होतं, आणि गावकऱ्यांनी तासभर आधीच घंटा वाजवली, अशी कथा सांगतात. माझा पहिला तास संपून दुसरा सुरू व्हायचा तेव्हा ती घंटा ऐकू यायची. मार्चअखेर तिकडची घड्याळं तासभर पुढे होईपर्यंत घरी तेव्हा साडेतीन वाजलेले असायचे. आई वावरातून परत येऊन चहा ठेवते ती वेळ. फोन बहुतेक त्याच सुमाराला व्हायचा.

मार्चच्या शेवटी आम्हाला शहराच्या दक्षिणेला एका शेतात नेलं. तिथे कमरेच्या वर जाईल एवढा खड्डा खोदून ठेवला होता. त्यात उतरून भिंत खुरपीने साफ करायची, थर ओळखायचे आणि मन्सेलच्या रंगपुस्तकाशी मातीचा रंग ताडून पाहायचा, हे काम मी अकोला-यवतमाळच्या मातीत कितीदा केलेलं. तेच पुस्तक, रंगाचे तेच चौकोन. पण हातात घेतलेली माती वेगळी होती. आमची काळी माती ओली असली की चिखलाचा गोळा होते आणि वाळली की दगड. ही दाबली की हलकेच मोकळी व्हायची, रवाळ, आणि तिच्यात गांडुळांची भोकं जागोजाग. वरचा काळा थर हातभर, त्याखाली पिवळसर लोएस, म्हणजे हिमयुगात वाऱ्याने आणून टाकलेली बारीक धूळ. त्या पिवळ्या थरात मधेच बांगडीएवढे काळे गोल दिसत होते. प्राध्यापक म्हणाले, ही जमिनीत राहणाऱ्या खारींसारख्या प्राण्यांची जुनी बिळं, वरची काळी माती आत पडून भरलेली. गवताळ माळाच्या काळातले ते प्राणी. बिळं तशीच राहिली. मी बराच वेळ त्या एका गोलावर बोट ठेवून उभी होते.

रंग सारखाच, पण कारण निराळं. तिकडची काळी माती, चर्नोझेम, काळी आहे ती हजारो वर्षं मुरलेल्या गवताच्या मुळांमुळे. थंड हिवाळ्यात सेंद्रिय पदार्थ कुजायचे थांबतात आणि जमिनीत साठत जातात. आपली काळी माती, रेगूर, ज्वालामुखीच्या बेसाल्ट खडकापासून झालेली, फुगणाऱ्या चिकणमातीची. तिच्यातला सेंद्रिय पदार्थ कडक उन्हाने भराभर जळतो. तिकडे सेंद्रिय कर्ब दीड-दोन टक्क्यांच्या आसपास सहज येतो. आमच्या तालुक्यातल्या बहुतेक नमुन्यांना अर्धा टक्का गाठणं जड जातं. काळी म्हणजे कसदार, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. काळेपणा पाहून कस ठरत नाही, हे पुस्तकातही लिहिलेलं आहे, पण मला ते त्या खड्ड्यात उभं राहिल्यावर पटलं.

आणि पाऊस? तो भाग चेक देशातल्या सर्वांत कोरड्या भागांपैकी एक, वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास. आमच्याकडे जवळपास दुप्पट पडतो. फरक असा की आमचा सगळा चार महिन्यांत येतो, आणि त्यातलाही बराचसा दोन-तीन दणक्यांत.

मे महिन्यात तो सगळा मुलूख पिवळा होतो. रेपसीडचं पीक, मोहरीच्या जातीचं, टेकडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. लोक फोटो काढायला थांबतात, मीही काढले. पण प्राध्यापकांनी आम्हाला शेजारच्या नांगरलेल्या उतारावर नेलं. टेकडीच्या माथ्यावर माती फिकट पिवळी पडली होती आणि खाली खोलगटात काळ्या मातीचा ढीग साचलेला. माथ्यावरची काळी माती वाहून गेली होती आणि आता खालचा लोएस नांगराला लागत होता.

याचं कारण ऐकलं आणि मी लिहायचं थांबून ऐकतच राहिले. फेब्रुवारी १९४८ मध्ये तिथे कम्युनिस्टांची सत्ता आली आणि त्यानंतरच्या दशकात लहान लहान शेतं एकत्र करून सामुदायिक शेती झाली. मधले धुरे, म्हणजे बांध, त्यांच्यावरची झाडं, पायवाटा, सगळं नांगरून टाकलं. पुढे १९८९ नंतर जमिनी वारसांना कागदावर परत मिळाल्या, पण बहुतेकांनी त्या मोठ्या कंपन्यांना भाड्याने दिल्या, म्हणून शेतं मोठीच राहिली. एका शेतीघटकाकडे सरासरी शंभर हेक्टरपेक्षा जास्त जमीन, युरोपियन युनियनमध्ये सर्वांत जास्त. उतारावर पाणी अडवायला काही उरलं नाही. आता सरकारने एका पिकाचा सलग तुकडा ३० हेक्टरपेक्षा मोठा नसावा असा नियम केला आहे आणि मधे गवताचे पट्टे सोडायला अनुदान मिळतं. एकदा मोडलेले धुरे पैसे मोजून परत घालायचे काम चाललं आहे.

माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आजीच्या नावावर तिथेच कुठेतरी दीड हेक्टर जमीन आहे. उतारा आहे, नकाशा आहे, वर्षाचं भाडं येतं. पण ती जमीन नेमकी कुठे, हे त्या घरात कोणालाच जागेवर दाखवता येत नाही, कारण ती मोठ्या गटाच्या मधोमध आहे आणि तिथवर वाटच नाही. तिने फोनवर नकाशा उघडून एका पिवळ्या विस्ताराकडे हात केला आणि म्हणाली, "तिकडे असेल." मला माझे बाबा आठवले. आमच्या वावराच्या चारही कोपऱ्यांचे दगड त्यांना अंधारातही सापडतात. त्याच दगडावरून चुलत्यांशी भांडणही आहे. दोघंही दरवर्षी नांगरताना धुरा थोडा थोडा कोरतात, आणि जो धुरा माझ्या लहानपणी बैलबंडीच्या रुंदीचा होता त्यावरून आता एक माणूस जेमतेम चालतो. आमच्याकडेही उताराच्या खालच्या अंगाला माती साचते आहे. आमच्याकडे सामुदायिक शेती कोणी आणली नाही. हे दोन घरांनी मिळून केलं.

त्या रात्री मी बाबांना फोनवर हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "धुऱ्यावर गवत ठेवलं तं उंदरं होते, तन वावरात येते. मंग निंदाले मजूर तू आणशीन काय?" शंका खरी होती. मी प्राध्यापकांना विचारलं, तर तिथल्या शेतकऱ्यांचीही हीच तक्रार असते असं कळलं. उपाय असा की गवताला बी धरायच्या आधी कापणी करायची आणि पट्ट्यावर शिकारी पक्ष्यांना बसायला खांब ठोकायचे. असे खांब मी शेतात उभे पाहिले होते, कशासाठी ते तेव्हा समजलं.

जुन्या ब्रनोतल्या मठात मी पुन्हा पुन्हा गेले. ग्रेगोर मेंडेल तिथेच राहत होता. १८५६ ते १८६३ या काळात त्याने वाटाण्याची हजारो झाडं वाढवली, फुलं हाताने परागित केली, दाणे मोजले. त्याच्या काचघराचा पाया आवारात अजून दिसतो. निबंध १८६६ साली छापून आला, आणि त्याचं मोल जगाला कळलं ते १९०० साली, त्याच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी. हे सगळं बारावीच्या पुस्तकात असतं. जे नसतं ते असं: मेंडेल लहान शेतकऱ्याचा मुलगा होता, शिक्षणाला पैसे नव्हते, आणि त्याच्या धाकट्या बहिणीने, तेरेझियाने, आपल्या हुंड्यातला वाटा त्याच्या शिक्षणासाठी दिला. पुढे त्याने तिच्या मुलांच्या शिक्षणाला मदत केली. आनुवंशिकतेचं सगळं शास्त्र त्या मुलीच्या पैशावरही उभं आहे, असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे भावाच्या शिक्षणासाठी शाळा सोडलेल्या बहिणी घरोघरी आहेत. त्यांचं नाव कोणत्या पाटीवर येत नाही.

फिरण्याबद्दल सगळ्यांना ऐकायचं असतं. चेकमध्ये सव्वीस वर्षांखालच्या विद्यार्थ्यांना रेल्वे आणि बस निम्म्या भाड्यात. व्हिएन्ना रेल्वेने दीड तासावर. त्या दीर्घ व्हिसावर बाकीच्या शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येतं, वेगळा व्हिसा लागत नाही. डबे-भाकरी बांधून रात्रीच्या बसने निघायचं, दोन दिवस पायी फिरायचं, परत यायचं, असं आम्ही वसतिगृहातल्या मुली करायचो. प्राग सुंदर आहे, पण गर्दी फार. त्यापेक्षा मला ब्रातिस्लाव्हात डॅन्यूबच्या काठी बसणं आवडलं. बुडापेस्टच्या १८९७ सालच्या मोठ्या बाजारात पापरिका मिरचीच्या माळा टांगलेल्या पाहिल्या आणि भिवापूरची मिरची आठवली. मिरची दोन्हीकडे अमेरिकेतूनच आलेली. हंगेरीत आल्बेर्ट सेंट-ग्यॉर्गी या शास्त्रज्ञाने याच पापरिकातून क जीवनसत्त्व भरपूर वेगळं काढलं. त्यांना १९३७ चं नोबेल मिळालं. भिवापुरीला भौगोलिक मानांकन आहे, पण तिच्या नावाने असा बाजार आपण उभा केलेला नाही, आणि तो करता येईल.

वॉर्सात कोल्हापूरचं नाव कोरलेलं स्मारक पाहिलं. दुसऱ्या महायुद्धात घरदार गेलेले हजारो पोलिश लोक, बहुतेक बायका आणि मुलं, कोल्हापूरजवळ वळिवड्याला येऊन राहिले होते. पोलंडमध्येच औशविट्झच्या नाझी छळछावणीतही गेले. तिथे अकरा लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. तिथल्या केसांच्या ढिगासमोर आम्ही कोणीच बोललो नाही आणि परतीच्या बसमध्येही नाही.

जूनमध्ये परीक्षा झाली. तिथे बऱ्याच विषयांची परीक्षा तोंडी असते. परीक्षेची तारीख विद्यार्थ्याने स्वतः निवडायची. आत गेल्यावर चिठ्ठी उचलायची, वीसेक मिनिटं कागदावर मुद्दे काढायचे आणि मग प्राध्यापकांसमोर बसून बोलायचं. मला चर्नोझेमची निर्मिती आणि ऱ्हास आला. ते सांगून झाल्यावर प्राध्यापक म्हणाले, आता तुमच्याकडच्या काळ्या मातीचं सांगा. मी सांगितलं: एप्रिल-मेमध्ये वावराला अशा भेगा पडतात की विळा पडला तर हात खांद्यापर्यंत घालून काढावा लागतो. वरची माती त्या भेगांत पडते, पावसाळ्यात खालची फुगते आणि आतून घासून वर ढकलते. खोदलं की ते घासलेले गुळगुळीत पृष्ठभाग चमकताना दिसतात. ते विचारत गेले, मी सांगत गेले. भेगांमुळे पहिल्या पावसाचं पाणी थेट खाली जातं, हे खरं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, खरं, म्हणूनच बाबा पहिल्या पावसावर पेरत नाहीत. ते ऐकून त्यांनी आपल्या वहीत काहीतरी लिहून घेतलं.

सत्राला ३० क्रेडिट लागतात. गुणपत्रक ऑगस्टमध्ये आलं. आमच्याकडे एक विषय समकक्ष धरला गेला नाही, तो मी हिवाळी परीक्षेत देणार आहे. जाण्याआधी विषयांचा करार करताना प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम जोडून विभागप्रमुखांची सही घेतली की हा प्रश्न येत नाही, असं परीक्षा विभागातल्या बाईंनी सांगितलं, म्हणून तेही इथे लिहिते.

पेरणीला मी घरी होते. खालच्या अंगाचा धुरा यंदा बाबांनी कोरला नाही, दोन तासं सोडून त्यावर गवत राहू दिलं. चुलत्यांनी त्यांच्या बाजूने काही सोडलेलं नाही. त्यांच्याशी बोलणं चालू आहे. वरच्या आणि खालच्या बाजूचे मातीचे नमुने मी घेऊन ठेवले आहेत, दिवाळीनंतर पुन्हा घेईन.

पुढच्या तुकडीसाठी नोटीस लागली आहे. ज्युनिअर वर्गातल्या दोन मुलींनी अर्ज भरला, एक घाटंजीची, एक पुसदकडची. माझी कागदांची फाईल त्यांच्याकडे आहे. घाटंजीच्या मुलीचा पासपोर्ट अजून निघालेला नाही आणि तिच्या आधारवर आईचं नाव चुकीचं छापलं आहे. आधी ते दुरुस्त करायचं आहे, म्हणून गुरुवारी तिच्याबरोबर आधार केंद्रावर जाते आहे. पासपोर्टसाठी नागपूरची तारीख त्यानंतर घेऊ.